चाकामागे चाक : नवी मुंबईत क्लबसोबत पहिली रोड रेस

माझी पहिली रेस सतराव्या किलोमीटरला संपली. पायांत ताकद शिल्लक होती, बाटलीत पाणी होतं, सायकलही ठणठणीत होती. पण माझं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी पाच-सहा इंच आत घुसलं होतं. तो खड्डा चुकवायला किंचित उजवीकडे आला, चाकाला चाक लागलं आणि मी रस्त्यावर. माझ्यामागचे दोघेही पडले. त्यातली एक आमच्याच क्लबची होती. तिचं मनगट मोडलं आणि तिचा सगळा हिवाळा घरात गेला.

चूक पूर्णपणे माझी होती. चार महिने मी पाम बीच रोडवर एकटाच घड्याळ लावून सायकल पळवत होतो. दुसऱ्याच्या मागे कसं बसायचं, हे मात्र शिकलोच नव्हतो. आता क्लबमध्ये कुणी नवीन माणूस रेसचं नाव काढतो, तेव्हा त्याचा वेग मी नंतर विचारतो. वीस जणांच्या घोळक्यात तुझी सायकल कशी चालते, हे आधी विचारतो. पुढचं सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिलं आहे.

आधी रेस कसली आहे ते बघा

‘सायकल स्पर्धा’ या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगवेगळे प्रकार येतात. पहिला सायक्लोथॉन किंवा रॅली. त्यात लहान मुलं, साध्या सायकली, बँड, टी-शर्ट असं सगळं असतं. तिथे जरूर जा, पण जोर लावायला जाऊ नका, समोर आठ वर्षांचं पोर असू शकतं. दुसरा टाइम ट्रायल. एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो आणि कुणाच्याही मागे बसायला बंदी असते. तिसरा मास स्टार्ट, म्हणजे सगळे एकदम सुटतात आणि जो आधी पोचतो तो जिंकतो. क्लबने मिळून लढायची रेस ती हीच.

नोंदणीचे पैसे भरण्याआधी माहितीपत्रक नीट वाचा. रस्ता दोन्ही बाजूंनी वाहनांसाठी बंद आहे का? पोलीस परवानगीचा उल्लेख आहे का? वळणांवर मार्शल, सोबत अॅम्ब्युलन्स, हेल्मेटची सक्ती यांबद्दल काय लिहिलंय? यातलं काही सापडलं नाही तर आयोजकांना फोन करून विचारा. रस्ता चालू असेल आणि तरीही मास स्टार्ट असेल, तर आमचा क्लब जात नाही, बक्षीस कितीही मोठं असो. डंपर-ट्रेलरच्या बाजूने स्प्रिंट मारण्यात शौर्य नाही.

मग कॅटेगरी बघा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच स्पर्धांत वयोगटाबरोबर सायकलीच्या प्रकारानुसारही गट असतात : गिअरची, बिनगिअरची, एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल), रोड बाइक. हायब्रिड, म्हणजे या दोन्हींच्या मधली सायकल असेल तर ती कुठल्या गटात धरतात ते लेखी विचारून ठेवा, म्हणजे निकालाच्या टेबलावर वाद होत नाही. लॅप (फेऱ्या) किती, यू-टर्न किती, कट-ऑफ (रेस पूर्ण करायची वेळमर्यादा) किती हेही टिपून घ्या. यू-टर्नचा आकडा अंतराइतकाच महत्त्वाचा आहे. का ते पुढे सांगतो.

आठ आठवडे

तुम्ही आठवड्यातून तीनदा आरामात तीस-चाळीस किलोमीटर चालवत असाल, तर चाळीस-पन्नास किलोमीटरच्या रेससाठी आठ आठवडे पुरतात. याहून कमी चालवत असाल तर यंदा क्लबची बाटल्या देणारी मंडळी व्हा आणि पुढच्या हिवाळ्यात उतरा. हे मी मनापासून सांगतोय. रेस रस्त्याकडेला उभं राहून बघितली की फार काही कळतं.

आमचा आठवडा साधा असतो. मंगळवारी पाम बीचवर वाशी ते बेलापूर. सुमारे दहा किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. आधीचे चार आठवडे पाच-पाच मिनिटांचे चार जोरदार तुकडे करायचे आणि मध्ये तीन मिनिटं हळू. नंतरच्या आठवड्यांत ते तुकडे छोटे होतात : तीस सेकंद पूर्ण ताकद, दीड मिनिट हलकं, असं दहा-बारा वेळा. रेसमध्ये लागतात ते असे झटके. एका लयीत तासभर रेटण्याची वेळ क्वचितच येते. हे सगळं सिग्नल पाळून. तिथे पहाटेही गाड्या ऐंशी-नव्वदने जातात, त्यामुळे मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा नसेल तर आमच्यात कुणी सुरुवातच करत नाही.

गुरुवारी चढ. ठाण्याच्या मंडळींना उपवनच्या बाजूने येऊरचा रस्ता आहे, बेलापूरवाल्यांना पारसिक हिल. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे पूर्ण उजाडल्यावरच जा आणि उतरताना गावातली माणसं, कुत्री, रिक्षा गृहीत धरा. तुमची रेस सपाट असली तरी चढ सोडू नका, कारण यू-टर्ननंतर वेग पकडताना पायाला लागणारी ताकद चढावरच तयार होते. घोडबंदर रोडवर मात्र सराव करू नका. अवजड वाहनं, खड्डे आणि अधूनमधून बदलणाऱ्या लेन यांत कुठलाच सराव नीट होत नाही. आमचे ठाण्याचे सभासद रविवारी कळवा-विटावा मार्गे दिघा, ऐरोली करत इकडे येतात. तेवढ्यात त्यांचा वॉर्म-अपही होतो.

रविवार सगळ्यांचा. दोन-अडीच तास एकत्र, आणि ही राइड कुणी चुकवायची नाही. मंगळवार चुकला तर दम थोडा कमी पडेल. रविवार चुकला तर तुम्ही इतरांना धोकादायक व्हाल. शेवटच्या आठवड्यात अंतर अर्ध्यावर आणा, पण दोन-चार जोरदार झटके ठेवा, नाहीतर पाय झोपतात.

चाकामागे बसणं

या भागाला वेळ द्या. बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल.

सपाट रस्त्यावर तीसच्या वर गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी शक्ती घनाने. वेग तीसवरून छत्तीसवर न्यायचा म्हणजे फक्त एक पंचमांश वाढवायचा, तरी हवेसाठी जवळपास पावणेदोन पट शक्ती मोजावी लागते. हा खर्च समोरच्याच्या पाठीमागे बसून वाचवता येतो. नीट बसलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. म्हणून एकट्याने पस्तीसने वीस मिनिटंही न टिकणारा माणूस घोळक्यात अडतीसने तासभर जातो.

पण छत्तीसच्या वेगाला सायकल दर सेकंदाला दहा मीटर जाते. अर्धा सेकंद उशिरा कळलं तर पाच मीटर गेले, आणि तुमच्या पुढे जागा असते जेमतेम एका चाकाची. सगळे नियम या एका हिशेबातून येतात.

सुरुवातीला एका सायकलीचं अंतर ठेवा, सरावाने ते एका चाकावर आणा. नजर समोरच्याच्या टायरवर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून तीन-चार माणसं पुढे बघा, टायर नजरेच्या कडेला आपोआप दिसत राहतं. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही नेऊ नका. तो थोडा जरी सरकला तरी त्याला काही होत नाही, मागचा पडतो. मीही असाच पडलो होतो.

लाइन सोडू नका. खड्डा छोटा असेल तर वरून जा : हात सैल, बूड किंचित उचललेलं. मोठा असेल तर पन्नास मीटर आधीपासून हळूहळू सरका आणि हाताने दाखवा. आमच्यात ओरडायचे शब्द ठरलेले आहेत : ‘खड्डा’, ‘खडी’, ‘स्लो’, ‘गाडी मागे’. एकाच शब्दाचे दोन अर्थ नकोत. पूर्वी कुणी ‘राइट!’ ओरडलं की अर्धे उजवीकडे जायचे आणि अर्धे समजायचे की खड्डा उजवीकडे आहे. आता आम्ही ‘उजवीकडे खड्डा’ असं पूर्ण म्हणतो. पुढून आलेला शब्द मागे पोचवणं प्रत्येकाचं काम. मागचे काका आधीच बघत असतील असं धरून चालू नका.

ब्रेक शक्यतो नको. समोरच्याच्या जवळ जायला लागलात तर पाय मारणं थांबवा, थोडे ताठ बसा, छातीवर वारा घ्या. वेग आपोआप दोन-तीनने उतरतो. ब्रेक लावावाच लागला तर नुसता स्पर्श करा. पुढचा माणूस थोडा ब्रेक लावतो, त्याच्या मागचा जास्त, आणि दहावा माणूस थांबतो किंवा पडतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. बसलेले असताना तुम्ही अचानक उभे राहिलात की सायकल क्षणभर काही इंच मागे येते. मागच्याचं चाक जवळ असेल तर ते तुमच्या चाकाला लागतं. म्हणून उभं राहताना पेडल खाली दाबतच उठा, आधी एक गिअर जड करा आणि ‘उभा राहतोय’ म्हणा. बाटली काढतानाही तसंच : पुढे असाल तर पिऊ नका, मागच्या टोकाला गेल्यावर प्या, आणि बाटली न बघता काढता-ठेवता येईपर्यंत गल्लीत सराव करा.

आता पुढाकार घेण्याची पाळी, म्हणजे पुल. पुढे आलात की लगेच वेग वाढवायचा मोह होतो. मी आजही तो आवरतो. मीटरवर जो वेग होता तोच ठेवा. तीस सेकंद ते एक मिनिट खेचा, कोपर हलवून खूण करा, मागे बघा, वाऱ्याच्या बाजूला सरका आणि पाय थोडे सैल सोडा म्हणजे रांग तुमच्या बाजूने पुढे जाईल. शेवटच्या माणसाने ‘शेवटचा’ असं ओरडायचं, म्हणजे तुम्हाला कधी आत शिरायचं ते कळतं. त्या वेळी किंचित जोर लावायचा असतो. तो लावला नाही तर रांग निघून जाते आणि तुम्ही एकटे वाऱ्यात उरता. दमलेले असाल तर पुल दहा सेकंदांचा करा किंवा मागेच राहा. त्यात कमीपणा नाही. पण पुढे येऊन वेग पाडू नका.

बाजूचा वारा आला की रांग तिरकी होते. वारा डावीकडून असेल तर आडोसा समोरच्याच्या मागे-उजवीकडे मिळतो, उजवीकडून असेल तर मागे-डावीकडे. हिवाळ्यात पहाटे आपल्याकडे वारा जमिनीवरून खाडीकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडून वाहतो. ऊन चढलं की समुद्रावरून, पश्चिम-वायव्येकडून. म्हणजे पाम बीचवर सहाला बेलापूरकडे जाताना तो डाव्या खांद्यावर असतो, आणि उशिरा वाशीकडे परतताना समोरून-डावीकडून. रेस ज्या रस्त्यावर आहे, तिथे त्याच वेळी दोन रविवार जाऊन हे बघून ठेवा. नेरूळच्या बाजूला फ्लेमिंगो आलेले असतील तर तेही बघा, पण थांबून. चालत्या रांगेतून मान वळवून नाही.

सायकल

खाडीकाठच्या हवेत मीठ असतं. आपल्या सायकलींचे बोल्ट, केबल आणि चेन पुण्याच्या सायकलींपेक्षा लवकर गंजतात. रेसच्या दहा दिवस आधी सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नाही. नवीन केबल ताणते, त्यामुळे गिअर पुन्हा जुळवावे लागतात, आणि त्यासाठी दोन राइड हाताशी हव्यात. चेन किती झिजली ते मोजायची पट्टी दुकानदाराकडे असते. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) ०.५ टक्के झिजली की चेन बदला, नाहीतर ती कॅसेटही खाते आणि ऐन स्प्रिंटमध्ये घसरते.

टायरमध्ये हवा ठासून भरली की सायकल पळते, हा समज सोडून द्या. आपल्या रस्त्यांवर फार कडक टायर उड्या मारतं आणि पकड सुटते. सत्तर किलोच्या माणसाला २५ मिमी टायरला ८५-९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि २८ मिमीला ७०-७५ ही चांगली सुरुवात. तिथून स्वतःला जुळेल तसं दोन-चारने वर-खाली करा आणि टायरच्या बाजूवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका. टायरमध्ये रुतलेली काच, बारीक तारा नखाने काढा. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून येणारी पोलादी तार हे आपल्या महामार्गांवरच्या पंक्चरचं नेहमीचं कारण आहे आणि ती डोळ्यांना पटकन दिसत नाही, म्हणून टायरच्या आतून कापूस फिरवा. तो जिथे अडकेल तिथे तार आहे.

नवीन बूट, नवीन सीट, नवीन हँडल यांपैकी काहीही रेसच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. व्यावसायिक रेसमध्येसुद्धा हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्हचा पडून मृत्यू झाल्यानंतर. उतारावर फ्रेमच्या आडव्या नळीवर बसून जाण्याची जी पोझ टीव्हीवर दिसायची, ती सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०२१ पासून बंद केली आहे. आमच्या राइडवरही ती बंद आहे.

कुणी काय करायचं

रेसच्या आधीच्या शुक्रवारी एकत्र बसा. चहाच्या टपरीवरही चालेल, पण सगळे हवेत. क्लबच्या जर्सी घालून पाच जण उतरले आणि पाचही जण स्वतःसाठी धावले, तर तो क्लब नव्हे, एकाच रंगाची पाच माणसं.

पाच जणांत साधारण असं वाटा. एक स्प्रिंटर, ज्याच्यासाठी बाकीचे राबतील. त्याचा शेवटचा सोबती, जो त्याला शेवटच्या किलोमीटरपर्यंत आडोशात नेईल. दोघे पुढे राहून पळून जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे. पाचवा संधी दिसली तर स्वतः पळणारा. रस्त्यात चढ असेल तर चढावर हलकं असणाऱ्याला मोकळं सोडा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताब मिळवणारा माणूस आणि पुण्यात आधी पोचणारा माणूस एकच असेल असं नाही, आणि आपल्या क्लबमध्येही ही दोन कामं दोघांची असू शकतात.

दोन नियम सगळ्यांना पाठ हवेत. आपला माणूस पळून गेला असेल तर आपण मागून पुल करायचा नाही. दुसरे पाठलाग करतील तर त्यांच्या चाकामागे शांत बसायचं. हे पूर्णपणे नियमात आहे. आडवं येणं, कोपर मारणं, मुद्दाम वळणावर हळू होणं हे नियमात नाही. दुसरा नियम : कुणाला पंक्चर झालं तर कोण थांबणार ते आधी ठरवा. चाळीस किलोमीटरच्या रेसमध्ये सगळे थांबले तर सगळ्यांचीच रेस संपते. आमच्याकडे स्प्रिंटर सोडून कुणासाठी कुणी थांबत नाही, आणि हे आधी बोलून ठेवल्यामुळे कुणाला वाईटही वाटत नाही.

स्प्रिंटर कोण, यावर मन मोठं ठेवावं लागतं. आमच्याकडे सगळ्यांत दमदार माणूस वेगळा आहे आणि शेवटचे दोनशे मीटर सगळ्यांत वेगाने जाणारी वेगळी आहे, पेशाने शिक्षिका. रविवारच्या सरावात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पाच-सहा वेळा लावून बघा. उत्तर रस्ताच देतो.

पोट

आदल्या दिवशी दुपारचं जेवण मोठं, रात्रीचं साधं : वरणभात, थोडं तूप, दही. कडधान्यांच्या उसळी, कच्ची कोशिंबीर, तिखट रस्सा त्या रात्री नको. आठला जेवा, नऊला अंथरुणात. झोप येणार नाही, काही बिघडत नाही. त्याच्या आदल्या रात्रीची झोप जास्त कामाची असते.

सहाची रेस असेल तर सव्वाचारपर्यंत खाऊन घ्या : दोन केळी आणि जॅम-ब्रेड किंवा गूळ लावलेली पोळी. पोह्यांची सवय असेल तर कमी तेलाचे, शेंगदाणे न घालता. चहा घेत असाल तर घ्या, रोजचा मोडू नका. रेस सव्वा तासाच्या वर जाणार असेल तर सोबत खाणं लागतं : ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. राजगिऱ्याची चिक्की चांगली, पण तुकडे करून, वेष्टण काढून जर्सीच्या खिशात ठेवा. घामेजल्या बोटांनी प्लास्टिक फाडताना सायकल डुगडुगते. बिया काढलेला खजूर सगळ्यांत सोपा.

आपल्याकडे जानेवारीतही हवा दमट असते आणि घाम न वाळता वाहतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत पाकिटावर सांगितल्याप्रमाणे केलेलं ओआरएस. पाकीट कमी पाण्यात घट्ट करू नका, पोट ढवळतं. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट.

पहाट

रस्ते बंद होण्याच्या वेळा आधी बघा. अर्ध्या तासाने उशीर झाला तर बॅरिकेडच्या पलीकडे अडकाल. बिब नंबर चारही कोपऱ्यांत पिनांनी लावा. दोन पिनांवर लावलेला नंबर शिडासारखा फडफडतो. टायमिंग चिप घोट्याला आहे की सायकलला, ते नीट बघून लावा. शौचालयाची रांग लांब असते, म्हणून पोचल्याबरोबर तिकडे जा, मग वॉर्म-अप. पंधरा मिनिटं हलकं, शेवटी दहा-दहा सेकंदांचे तीन झटके. रेस जितकी छोटी, वॉर्म-अप तितका महत्त्वाचा, कारण पहिल्या दोन किलोमीटरमध्येच लोक वेडे होतात.

सुटण्याच्या रेषेवर हलक्या गिअरमध्ये उभे राहा. जड गिअरमध्ये उभा असलेला माणूस बुटाची क्लीट पेडलमध्ये अडकवता अडकवता डगमगतो आणि त्याच्याभोवती चौघे अडखळतात.

रेसमध्ये

पहिली दहा मिनिटं पहिल्या वीस-तीस जणांत राहा आणि बाकी काही करू नका. पुढे पडण्याचा धोका कमी असतो, आणि मागे प्रत्येक वळणाची किंमत दुप्पट मोजावी लागते.

कारण यू-टर्न. आपल्याकडे दुभाजकाचा रस्ता बंद करून लॅप घेतले की दोन्ही टोकांना यू-टर्न येतो. पुढचा माणूस दहा-बाराच्या वेगाने वळतो आणि लगेच पाय मारतो. पन्नासावा माणूस मात्र अजून वळणाच्या अलीकडे जवळजवळ उभा असतो. तो वळेपर्यंत पुढचे अडतीसवर गेलेले असतात आणि त्याला पंचेचाळीसने पाठलाग करावा लागतो. पाच लॅप म्हणजे असे नऊ-दहा स्प्रिंट. बहुतेक नवखे इथेच सुटतात आणि म्हणतात, दम कमी पडला. दम कमी पडलेला नसतो, जागा चुकलेली असते. यू-टर्नच्या तीनशे मीटर आधी पहिल्या पंधरांत या. ब्रेक वळण्याआधी लावा, वळताना नाही. आतलं पेडल वर ठेवा. गिअर आधीच तीन-चार हलके करा. ५०-१५ वर (पुढे ५० दात्यांची, मागे १५ दात्यांची चकती) ९० केडन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलचे ९० फेरे मारले की, साधारण अडतीसचा वेग मिळतो. त्याच गिअरमध्ये वळलात तर बाहेर पडताना गुडघे ओरडतील. आणि नजर शंकूवर नको, जिथे जायचंय त्या रस्त्यावर ठेवा.

रस्त्यावरच्या रम्बलरच्या पट्ट्या, कॅट आय, उड्डाणपुलाच्या सांध्यातल्या लोखंडी फटी आणि कडेची वाळू यांची यादी आदल्या रविवारी केलेली असली पाहिजे. रम्बलरवर हँडल घट्ट आवळू नका, नाहीतर बाटली उडेल आणि मागच्याच्या चाकाखाली जाईल. हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर बोटं गुंडाळून, कोपरं सैल.

पंक्चर झालं तर हात वर करा, ब्रेक लावू नका, रांगेतून हळूहळू डावीकडे निघा. सुटलात, म्हणजे घोळका पुढे गेला, तर एकट्याने झुरत बसू नका. मागे वळून बघा. आणखी तिघे-चौघे येत असतील तर त्यांच्याशी बोला, पाळ्या लावा. माझी आजवरची सगळ्यांत समाधानाची रेस अशीच होती : आम्ही चार वेगवेगळ्या क्लबचे सुटलेले लोक, एकमेकांना ‘चल दादा, तीस सेकंद’ म्हणत शेवटचे अठरा किलोमीटर आलो.

शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आपल्या माणसांना शोधा. सोबती पुढे, स्प्रिंटर त्याच्या मागे. सोबत्याने वेग एकसारखा वाढवत न्यायचा, आणि साधारण दोनशे मीटर उरले की बाजूला व्हायचं. पण सरळ रेषेत, एकदम आडवं न होता. समोरून वारा असेल तर उशिरा सुटा, मागून असेल तर जरा आधी. स्प्रिंटमध्ये ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) हात, नजर वर, आणि जी लाइन धरली तीच शेवटपर्यंत. ज्यांची शर्यतीत जिंकण्याची शक्यता संपली आहे त्यांनी डावीकडे होऊन मागच्यांना वाट द्या. रेषा ओलांडल्यावर लगेच थांबू नका. तिथे होणारे अपघात मी दोनदा पाहिले आहेत.

कुणी पडलं तर

तुम्ही पडलेल्याच्या मागे असाल तर रिकाम्या जागेकडे बघा, पडलेल्या सायकलीकडे नाही. जिथे बघाल तिथेच जाल. थांबल्यावर एकाने मागे पन्नास मीटर जाऊन हात हलवत येणाऱ्यांना सावध करायचं आणि दुसऱ्याने माणसाजवळ बसायचं. त्याला ओढून उठवू नका. मान, पाठ दुखतेय का, बोटं हलतात का, आज वार कोणता, हे विचारा. तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत असेल, मळमळत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याची रेस संपली, तो काहीही म्हणो. मार्शल जवळ नसेल तर १०८ ला फोन करा. आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. खरचटलेलं आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, रस्त्याची बारीक खडी आत राहू देऊ नका, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

माझ्यामुळे जिचं मनगट मोडलं तिच्या घरी मी तीन रविवार गेलो. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, “सॉरी पुरे झालं रे. प्लास्टर निघालं की माझ्या मागे बसून दाखव.” ती बरी झाल्यावर सहा आठवडे आम्ही दोघं सानपाडा ते नेरूळ फक्त हेच करत होतो : ती पुढे, मी एका चाकाच्या अंतरावर, आणि ती मुद्दाम न सांगता हळू व्हायची.

नंतर

दहा मिनिटं हलके पाय चालवा, ओली जर्सी बदला, अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाऊ द्या. निकालाच्या यादीत आपल्या सगळ्यांचे नंबर आहेत का ते तिथेच बघा. चिपची नोंद चुकली असेल तर हरकत घ्यायला वेळ थोडाच असतो, आणि घरी गेल्यावर काही करता येत नाही.

मग सगळे एका टेबलावर. आम्ही मिसळ सांगतो आणि ती येईपर्यंत प्रत्येक जण दोन गोष्टी सांगतो : मी कुणाला धोक्यात टाकलं का, आणि माझ्यासाठी कुणी काम केलं. पहिली गोष्ट सांगताना सुरुवातीला सगळे गप्प राहतात, म्हणून जुन्यांनी आधी बोलायचं. कितवा आलो हे त्या टेबलावर आपोआप निघतंच.

सोमवारी सुट्टी. मंगळवारी तासभर अगदी हलकं, त्याआधी चेन धुवून तेल घाला, घामाचं मीठ हेडसेटमध्ये (हँडलखालच्या बेअरिंगमध्ये) राहू देऊ नका. सायकलच्या दिव्यांचं चार्जिंग रात्रीच बघा. सव्वापाचला वाशीच्या टोकाला भेटायचं असतं.